लाल चकत्या

ताया चार वर्षांची असताना तिनं बापाला विचारलं होतं, "बाबा, तू पाणबुडीवर काम करतोस ना? मग घरी येतोस तेव्हा ओला कसा नसतोस?"

वादिमनं तिला कडेवर घेऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, "अजून आमचा नंबर लागला नाही. लागला की ओलाचिंब होऊन येईन. तेव्हा तू मला टॉवेल द्यायचास."

"कुठला टॉवेल?"

"तो बदकाचा."

आता ताया सहा वर्षांची झाली होती, बदकाच्या टॉवेलाचं स्वयंपाकघरात फडकं झालं होतं, आणि नंबर अजून लागायचाच होता.

वादिम ल्वोविच ओस्तानिन तेविसाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन या शहरात आला, त्याला यंदाच्या जूनमध्ये नऊ वर्षं पुरी होत होती. शहर बंद होतं. फाटकावर परवाना दाखवल्याखेरीज आत पाऊल टाकता यायचं नाही. त्याच्या बायकोच्या, इंगाच्या आईला नातीचं तोंड बघायचं तर दोन महिने आधी अर्ज करावा लागे, आणि परवाना हातात पडेपर्यंत नातीला दोन नवे दात आलेले असत. शहरात एकच गोदी, गोदीच्या धक्क्याला दोन पाणबुड्या, आणि त्या दोघींभोवती सगळ्या गावाचं जगणं. दोघी सोव्हिएत काळातल्या, एकाच नकाशावरून बांधलेल्या सख्ख्या बहिणी. अंगानं इतक्या रुंद की खलाशी त्यांना पाव म्हणायचे. प्रत्येकीच्या दोन्ही कुशींत बारा-बारा तिरप्या नळ्या, एकेका नळीत एकेक अगडबंब क्षेपणास्त्र मावेल एवढ्या. ती जुनी क्षेपणास्त्रं कधीच उतरवून नेली होती. आता दोघींना नवं करायचं घाटत होतं. प्रत्येक नळीत एकाच्या जागी तीन सडपातळ क्षेपणास्त्रं, म्हणजे चोविसाच्या जागी बहात्तर. अणुभट्ट्यांत ताजं इंधन, नवे कान, नवे डोळे. मग पुढची वीस वर्षं त्या पुन्हा समुद्रात. आधी पहिली, तिचं झालं की दुसरी.

वादिमची दुसरी होती. तिच्यावर तो यंत्रांचा अधिकारी होता. आपल्या बोटीला ते सगळे नुसतं 'आमची' म्हणायचे आणि पहिलीला 'शेजारीण'.

वादिम पहिल्या दिवशी बोटीवर चढला तेव्हा पाखोमिच नावाच्या जुन्या मुकादमानं त्याच्या हातात एक जाड काचेची वाटी ठेवली होती. तिसऱ्या कप्प्यातल्या आपत्कालीन दिव्याची ती काच होती, मूठभर आकाराची. पाखोमिच या बोटीवर ती बांधून झाली त्या दिवसापासून होता; पाणबुडी आणि तो दोघंही एकाच वेळी टकले झाले असं तो स्वतःच म्हणायचा.

"ही जपा, वादिम ल्वोविच. पहिल्यांदा खाली गेलात की मी हिच्यात समुद्र भरून देईन. एका दमात प्यायचा, थेंब सांडायचा नाही. मग तुम्ही पाणबुडे."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही आमच्याकडचे कारकून," पाखोमिच म्हणाला, आणि त्यानं अदबीनं सलाम ठोकला.

ती वाटी स्वयंपाकघरात खिडकीशी होती. तिच्यात आधी नुसती धूळ होती, मग इंगानं तिच्यात बटणं ठेवली, मग बटणांवर तायाच्या केसांच्या पिना आल्या. वादिमबरोबर नौदलाच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेले सगळे कुठल्या ना कुठल्या बोटीवर खाली जाऊन आले होते. भेटले की एकमेकांना पाण्याची चव सांगायचे, कुणाचं जास्त खारट, कुणाचं डिझेलच्या वासाचं. वादिम तेव्हा उठून चहाचं बघायचा. बत्तीस वर्षांचा, हुद्द्यानं कॅप्टन, छातीवर सेवेचं पदक, आणि समुद्राखाली एक मिनिटसुद्धा नाही.

त्या वसंतात काकडीच्या वासाची मासळी बाजारात आली होती. इंगा ती पिठात घोळवून तळत होती. खिडकी उघडी असूनही सगळं घर काकडीसारखं दरवळत होतं. ताया शेपट्या मोडून मोडून आधी खात होती.

"आईचा फोन होता," इंगा पाठमोरी राहूनच म्हणाली. "तिच्या शाळेत बालवर्ग शिकवायची जागा निघालीये. सप्टेंबरपासून. तायाला तिथंच पहिलीत घालता येईल."

वादिमनं आपली बशी पुढे ओढली.

"मी विचारत नाहीये, नुसतं सांगतेय. विचारून झालंय दर वर्षी."

"पुढच्या उन्हाळ्यात कमिशन येणार आहे. शेजारीण यंदा धक्का सोडेल, मग कमिशन आमची बघेल, शिक्का मारेल, आणि आम्ही गोदीत. एकदा गोदीत गेलं की—"

"एकदा गोदीत गेलं की पाच वर्षं."

"चार."

इंगानं मासा उलटला. तिच्या मनगटावर तेल उडालं, तिनं ते बदकाच्या फडक्यानं पुसलं. "तुझं कुठं बाहेर काही असतं ना वादिम, तर बरं झालं असतं. बाई असती तर मी जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. शिवाय बाई कधीतरी म्हातारी होते. हिला तर तुम्ही नवी करायला निघालात."

वादिमला हसू आलं. इंगालाही आलं, पण तिनं ते लपवलं. गॅलरीत पाच खोकी होती. दर वसंतात ती त्यांत हिवाळी कपडे भरायची, त्यांना दोरी बांधायची, आणि दर शरदात सोडायची. या खेपेस तिनं बांधताना दुहेरी गाठ मारली.

"कमिशनपर्यंत," ती म्हणाली. "त्याच्यापुढे एक दिवस नाही."

"कमिशनपर्यंत," वादिमनं शब्द दिला.

कमिशनची त्याला भीती नव्हती. त्यानं तयारी केली होती, आणि ती तयारी त्याच्याखेरीज फक्त पाखोमिचला ठाऊक होती.

गोष्ट तीन वर्षांमागची. शेजारणीचं काम सुरू झालं आणि लगेच उघडं पडलं की तिला लागणारी निम्मी यंत्रं आता देशात कुणी बनवतच नाही. तिचे मोठे पंप जिथं तयार व्हायचे त्या कारखान्याच्या जागी आता मॉल होता, आणि झडपा बनवणारा कारखाना सीमेपलीकडे गेला होता. मग गोदीनं सोपा मार्ग काढला: दुसरीचं काढा, पहिलीला लावा. परतीच्या बोलीवर. कागदावर तसंच लिहिलेलं असायचं. पण परत काय येणार आणि कुठून, हे कागदावर नसायचं.

पद्धत अशी होती. बोटीवरच्या प्रत्येक यंत्राच्या गळ्यात तारेनं एक पत्र्याची चकती बांधलेली. हिरवी म्हणजे चालू, दुसरीकडे नेता येईल. लाल म्हणजे निकामी, हात लावू नका. चकतीवर क्रमांक, तारीख आणि यंत्रांच्या अधिकाऱ्याची सही. तीच नोंद दोषवहीत, आणि दोषवही दर महिन्याला वर जायची.

पहिल्या वर्षात हिरव्या चकतीची एकतीस यंत्रं गेली. दर खेपेला वादिम स्वतः उभा राहायचा. सुटं झालेलं यंत्र साखळीला लोंबकळत वरच्या झाकणातून बाहेर पडायचं आणि त्याच्या जागी भिंतीवर चार भोकं आणि स्वच्छ रंगाचा एक चौकोन उरायचा. रिकामी जागा बघवायची नाही म्हणून पाखोमिच त्या चौकोनात आपली टोपी टांगून ठेवायचा.

"ते हिला खाऊन टाकतायत हो," एकदा वादिम म्हणाला.

"चौऱ्याण्णव साली पण असंच झालं होतं," पाखोमिच म्हणाला. "तेव्हा तर पगारसुद्धा नव्हता, बोटीची माणसं तांबं विकून पोरांना दूध पाजायची. मी काय केलं? जे जे चांगलं होतं ते ते लाल लिहून टाकलं. निकामी माल चोरसुद्धा नेत नाही. वादळ गेलं, मी वहीची पानं फाडली, नवी लिहिली. बोट पुढची सात वर्षं समुद्रात."

आठवड्यानं रोस्तिक आला.

रोस्तिक त्याचा प्रबोधिनीतला दोस्त, एकाच खोलीत चार वर्षं काढलेला, आणि आता शेजारणीवर यंत्रांचा अधिकारी. तो तिसऱ्या क्रमांकाच्या पंपासाठी आला होता. अणुभट्टीभोवती पाणी फिरवणाऱ्या चार पंपांतला तो सगळ्यात गुणी पंप. वादिमनं तो आपल्या हातांनी उघडला, धुतला, बसवला होता. नऊ टन वजनाचा, पण दांड्याला एक बोट लावलं तर आवाज न करता फिरायचा.

त्याच्या गळ्यात लाल चकती होती. आदल्या संध्याकाळची.

रोस्तिकनं चकती उलटसुलट केली. मग पंपावर तळहात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"काय झालंय याला?"

"बेअरिंग गेलंय."

"गेल्या महिन्यात चांगलं होतं."

"गेल्या महिन्यात तूही चांगला होतास," वादिम म्हणाला. "आता बघ, पोट सुटलंय."

रोस्तिकनं त्याच्याकडे बघितलं. चार वर्षं एका खोलीत काढलेला माणूस खोटं बोलताना कसा दिसतो हे त्याला ठाऊक होतं. "निकामी तर निकामी," तो म्हणाला. "मी आमचाच जुना ठोकून-ठाकून लावतो. पण वाद्या, मला माझ्या बोटीला खाली न्यायचंय. तुला कळतंय ना?"

"मलाही," वादिम म्हणाला.

त्यानंतर हात सैल झाला. एक झडप, दोन झडपा, हवेचं दाबयंत्र, सुकाणूची हायड्रॉलिक यंत्रं. जे जे जीव लावावं असं होतं, ते ते लाल. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आई काजळाची तीट लावते, तसा तो चकत्या लावत गेला. मनात हिशेब अगदी साधा होता: आपला नंबर लागेल, तेव्हा एकेकाची चकती बदलू, एकेकीवर सही करू. दोन वर्षांत लाल चकत्या एकशे अठ्ठेचाळीस झाल्या. बोट आत चांगली होती आणि कागदावर मरत होती, आणि वादिमला त्याचं समाधान वाटत होतं.

शेजारणीनं त्या वर्षी ऑगस्टात धक्का सोडला. अख्खं शहर बघायला लोटलं, बँड होता, बायकांनी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. रोस्तिक बोटीच्या मनोऱ्यावर उभा होता. त्यानं वादिमला गर्दीत शोधलं आणि हात वर केला. वादिमनंही केला.

"आता आपली," ताया म्हणाली.

"आता आपली," वादिम म्हणाला.

कमिशन पुढच्या उन्हाळ्यात यायचं होतं. ते सप्टेंबरातच आलं, शेजारीण गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, कारण वर कुणालातरी वर्ष संपायच्या आत निर्णय हवा होता. चौघं आले. त्यांची प्रमुख पीटर्सबर्गची एक बाई होती, अल्बिना एदुआर्दोव्हना, साठीची, पायात दोन मोजे, गळ्यात चष्मा. या पाणबुड्यांचा मूळ नकाशा काढणाऱ्यांत ती तरुणपणी होती असं म्हणत. वादिमनं दोन दिवस कप्पे घासून घेतले होते. त्याला वाटलं होतं ती बोटीवर येईल. ती आली, चाळीस मिनिटं फिरली, भिंतीवरून हात फिरवला, आणि गोदीच्या कचेरीत परत गेली. तिथं तिच्यासमोर दोषवही उघडी होती, संगणकाच्या पडद्यावर.

तिसऱ्या दिवशी तिनं वादिमला बोलावलं.

"वादिम ल्वोविच, बसा. चहा घ्या." तिनं स्वतः ओतला. "मुख्य यंत्रणेतला बेचाळीस टक्के भाग लाल आहे. चाळीसच्या वर गेलं की बोट नूतनीकरणाला परवडत नाही. नियम दोन वर्षांपूर्वी आलाय. तुम्हाला कळवला होता."

कळवला होता. वादिमनं तो वाचलाही होता. पण आपल्या लाल चकत्या कुणी खऱ्या मानून मोजेल असं त्याच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. त्या खोट्या आहेत हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं.

"त्यातली बहुतेक चालू आहेत," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला.

"मी लिहिलंय ते खरं नाही. शेजारणीनं... पहिल्या बोटीनं नेऊ नयेत म्हणून लाल केली. तुम्ही चला माझ्याबरोबर. तिसरा पंप मी तुम्हाला बोटानं फिरवून दाखवतो."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि वादिमला तेच जड गेलं. "माझा विश्वास आहे तुमच्यावर," ती म्हणाली. "भिंतीवर हात ठेवला तेव्हाच कळलं मला, ही जागा कुणीतरी जपलीय. तरुण असताना याच पंपाच्या पायाचा नकाशा माझ्याकडे होता. पण तुम्ही सांगा, मी काय लिहू? लाल लिहायला एक सही लागते, तुमची. हिरवं करायला सात लागतात. प्रत्येक यंत्र चाचणीच्या बाकावर न्यायचं, चालवायचं, सात जणांनी सह्या करायच्या. एकाला चार महिने. तुमची एकशे अठ्ठेचाळीस आहेत."

"पूर्वी वही आमच्याकडेच असायची."

"पूर्वी," ती म्हणाली. "आणि मी ते वर कळवलं तर तुम्हाला तुरुंगात घालतील, बोट तरीही कापतील. म्हणून मी काही ऐकलेलं नाही. चहा संपवा."

त्यानं चहा संपवला. साखर तळाशीच राहिली होती, त्यानं ढवळलंच नव्हतं.

घरी त्यानं इंगाला सगळं सांगितलं, चकत्यांसकट. ती बटाटे सोलत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला, आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त बटाटे सोलून झाले तरी ती सोलतच राहिली. तो वाट बघत होता की ती काहीतरी लागेलसं बोलेल. बाईच्या झिंज्यांबद्दल, खोक्यांबद्दल.

"म्हणजे तू मला सांगत होतास ते सगळं खरं होतं," शेवटी ती म्हणाली. "बोट चांगली होती."

"चांगली आहे."

"मला वाटायचं तू माझी समजूत घालतोस." तिनं सुरी खाली ठेवली आणि ओल्या हातानं त्याच्या केसांतून हात फिरवला. "आता तरी सोडतील तुला?"

सोडणार नव्हते. करार बोटीशी होता. बोट कापून होईपर्यंत तिच्यावर यंत्रांचा अधिकारी लागतो, आणि अणुभट्टीचा कप्पा वेगळा काढून बंद करेपर्यंत चार वर्षं तरी जातात. नवं करायला लागली असती तेवढीच.

रोस्तिकचा फोन ऑक्टोबरात आला. शेजारीण चाचणीच्या फेरीहून परतली होती. तिच्यावर तो दोनदा खाली जाऊन आला होता, पण तिसरा पंप, तो ठोकून-ठाकून लावलेला, खाली गेल्यावर ओरडायला लागला होता, म्हणून फेरी अर्धी टाकून वर यावं लागलं. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा आठ महिने.

"तुझा आता भंगारात जाणार ना?" रोस्तिकनं विचारलं.

"लाल आहे. लालला हात लावता येत नाही. मी अर्ज केला होता, नाही म्हणाले."

"वाद्या, तेव्हा खरं बोलला असतास तर निदान तुझा पंप तरी खाली गेला असता रे," रोस्तिक म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो हळू बोलला, झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलावं तसा.

शरदाच्या सुट्टीत इंगा आणि ताया निघाल्या. ठरलेलंच होतं. खोकी आधी रवाना झाली होती. फाटकापर्यंत वादिम गेला. पलीकडे बस उभी होती. इंगानं त्याच्या मफलरची गाठ सोडून पुन्हा नीट बांधली, आणि एकेक करून सूचना दिल्या: सूप बर्फाच्या कप्प्यात आहे, सहा डबे, डब्यांवर दिवस लिहिलेत, लोकरी मोजे गरम पाण्यात घालू नकोस, आईकडे फोन संध्याकाळी कर, सकाळी तायाची शाळा असते. ती नुसती सुट्टीला गेल्यासारखी बोलत होती आणि तो नुसता सुट्टीला पाठवल्यासारखा मान हलवत होता.

तायानं कोटाच्या आतून घडी केलेलं बदकाचं फडकं काढलं. धुतलेलं होतं, इस्त्रीसुद्धा केलेली. बदकाची चोच तेवढी अजून पिवळी होती.

"आई म्हणाली तू बोट घेऊन समुद्रात जाणार आहेस."

"हो. पुढच्या महिन्यात."

"म्हणजे नंबर लागला ना?"

वादिमनं इंगाकडे बघितलं. इंगा बसकडे बघत होती.

"लागला," तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन ओढबोटी आल्या. बोट कापायचा धक्का खाडीच्या पलीकडे होता, चार तासांच्या अंतरावर. तेवढ्यापुरता तिच्यावर बारा माणसांचा ताफा, त्यांचा प्रमुख वादिम. दोर बांधले, धक्क्यावरून येणारा गरम पाण्याचा नळ तोडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा पायाखालचं लोखंड हललं. वादिमला ते आधी गुडघ्यांत कळलं. बँड नव्हता. गोदीचे दोन वेल्डर सिगरेट ओढत उभे होते. त्यांतल्या एकानं टोपी काढली, मग थंडी वाजली म्हणून परत घातली.

मधल्या खाडीत वारा अंगावर आला. दोर ताणला गेला की नाकाडावरून पाणी चढायचं आणि डेकवर सपकन पसरायचं. दुसऱ्याच लाटेत वादिम कमरेपर्यंत भिजला.

पाखोमिच त्याच्या शेजारी उभा होता. निघायच्या आधी तो वादिमच्या घरी जाऊन खिडकीतली काचेची वाटी घेऊन आला होता. पिना आणि बटणं त्यानं बशीत काढून ठेवली होती. आता त्यानं दोरीला बांधलेला डबा खाली सोडला, वर ओढला आणि वाटी काठोकाठ भरली.

"खोली नाहीये," तो म्हणाला. "पण पाणी तेच आहे, वादिम ल्वोविच."

वादिमनं वाटी घेतली. पाणी स्वच्छ होतं, तळाशी वाळूचे दोन कण.

"मी शिकवलं तुम्हाला ते," पाखोमिच समुद्राकडे बघत म्हणाला. "म्हातारा गाढव. मला वाटलं, जे एकदा जमलं ते—"

"सही माझी होती, पाखोमिच."

"प्या."

"वर उभं राहून प्यायचं असतं तर मी धक्क्यावरच प्यायलो नसतो का?" वादिम म्हणाला. त्यानं वाटी कठड्याबाहेर धरून हळूच वाकडी केली. पाखोमिचनं डब्याची दोरी नीट गुंडाळली, एकावर एक, चुंबळीसारखी.

वादिम खाली उतरला. बोटीत वीज नव्हती, कपाळाला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात तो तिसऱ्या कप्प्यापर्यंत गेला. आपत्कालीन दिवा जागच्या जागी होता, आत बल्ब नव्हता. त्यानं वाटी फिरवून त्याच्यावर बसवली. आटे नऊ वर्षं कोरडे असूनही धरले. मग तो मागे गेला, अणुभट्टीच्या कप्प्याच्या अलीकडे, जिथं पंप होते. सगळीकडे चकत्या होत्या. बोट हिंदकळली की त्या एकदम किणकिणायच्या, एकशे अठ्ठेचाळीस पत्रे, त्या प्रत्येकावर त्याचं वळणदार अक्षर.

अंगावरून पाणी निथळत होतं. त्यानं खिशातून फडकं काढलं आणि तोंड पुसायच्या ऐवजी सवयीनं तिसऱ्या पंपाच्या दांड्यावरची धूळ पुसली. मग एक बोट लावलं.

दांडा फिरला. कुठं अडला नाही, कुठं कुरकुरला नाही. त्यानं बोट काढून घेतलं तरी तो फिरत राहिला, आणि वादिम भिजल्या कपड्यांनी, हातात बदकाचं फडकं धरून, तो थांबेपर्यंत उभा राहिला. थांबायला त्याला खूप वेळ लागला.